सावलीहून न्यूयॉर्क किती लांब?

सावलीसारख्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या गावांतल्या घरांत हा प्रश्न आता खरोखर विचारला जातो. कुणाची मुलगी तिकडे शिकायला गेलेली असते, कुणाचा पुतण्या न्यू जर्सीत नोकरीला असतो. मग कधीतरी आई-वडिलांना बोलावणं येतं आणि विमानाचं तिकीट मोबाईलवर येऊन पडतं. दिल्लीहून रात्री अडीचला निघायचं, न्यूयॉर्कला सकाळी साडेसातला उतरायचं, तारीख तीच. वजाबाकी केली की पाच तास येतात. पण पाच तासांत अमेरिका येत नाही, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. नकाशात पाहिलं तर न्यूयॉर्क पश्चिमेला दिसतं आणि विमानातल्या पडद्यावरची रेघ मात्र उत्तरेला चढत जाते. मुंबई पश्चिमेला, म्हणजे अमेरिकेच्या बाजूला, तरी पोरं म्हणतात दिल्लीवरून या. यातली एकेक गोष्ट नीट उलगडून पाहिली तर सगळ्याचा मेळ लागतो. त्यासाठी शाळेतला पृथ्वीचा गोल, शिवणाचा दोरा आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरतं.

आधी अंतर म्हणजे काय ते पाहू. विमानाच्या तिकिटावर किंवा विमान कंपन्यांच्या कागदांत जे अंतर असतं ते गाव ते गाव नसतं, विमानतळ ते विमानतळ असतं. आपल्याकरता पहिला विमानतळ नागपूरचा, सोनेगावचा. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावं अशी रोजची विमानसेवा तिथून नाही. त्यामुळे सावलीच्या माणसाचा प्रवास मूल, सिंदेवाही, नागभीड, भिवापूर, उमरेड असा जमिनीवरूनच सुरू होतो.

सावली साधारण २० अंश ५ मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे आणि नागपूरचा विमानतळ २१ अंश ५ मिनिटांवर. म्हणजे दोन्हींच्या अक्षांशांत जवळजवळ नेमका एका अंशाचा फरक आहे. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याचे ३६० भाग केले की एका अंशाला १११ किलोमीटर येतात. अंशाची साठ मिनिटं असतात आणि अक्षांशाच्या एका मिनिटाला दर्यावर्दी लोकांनी एक सागरी मैल ठरवला, १.८५२ किलोमीटरचा. विमानाचे वैमानिक आजही अंतर सागरी मैलांतच मोजतात. त्यांच्या भाषेत सावलीहून नागपूर उत्तरेला साठ सागरी मैल आणि थोडं पश्चिमेला. सरळ हवाई अंतर सुमारे १३५ किलोमीटर भरतं. रस्त्याने दीडशेहून अधिक, कारण रस्त्याला गावं धरत, जंगल आणि नाले ओलांडत जावं लागतं. विमानालाही आकाशात अशी वळणं असतात, ती पुढे येतीलच.

आता गोल घ्या. शाळेत असतो तो तीस सेंटीमीटर व्यासाचा गोल असेल तर त्याचा घेर ९४ सेंटीमीटर असतो, म्हणजे एका सेंटीमीटरला जवळपास ४२५ किलोमीटर. दोऱ्याचं एक टोक नागपूरवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर न्या आणि दोरा ताणा. तो आपोआप सरकून सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो, आणि ती वाट अरबस्तान-आफ्रिकेवरून जात नाही. दोरा नागपूरहून उत्तर-वायव्येला निघतो, राजस्थानात झुंझुनूच्या आसपासहून पंजाब, पाकिस्तान, ताजिकिस्तान, कझाकस्तान असा चढत रशियात शिरतो, फिनलंड-स्वीडन-नॉर्वेच्या उत्तर टोकाकडून आर्क्टिक वृत्ताच्याही वर जातो, ग्रीनलंड ओलांडतो आणि कॅनडावरून खाली उतरत न्यूयॉर्कला पोहोचतो. दोरा मोजला तर साडेएकोणतीस सेंटीमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटरच्या थोडं वर.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. त्या रेघेने खरोखर विमान नेलं तर सुमारे १४,६०० किलोमीटर उडावं लागेल, दोन हजारांनी जास्त. सपाट नकाशा उत्तरेकडचे प्रदेश ताणून रुंद दाखवतो, म्हणून तिथून जाणारी वाट लांबची भासते. प्रत्यक्षात वर गेलं की पृथ्वी अरुंद होते. सावलीच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०४ किलोमीटरचा आहे, आर्क्टिक वृत्तावर तोच जेमतेम ४४ किलोमीटरचा. पूर्व-पश्चिम लांब जायचं असेल तर वर चढून अरुंद जागी ओलांडणं सोयीचं. ही सर्वांत जवळची वाट म्हणजे ज्याचं केंद्र पृथ्वीच्या केंद्रातच असतं अशा मोठ्या वर्तुळाचा तुकडा, भूगोलात तिला बृहद्‌वृत्त म्हणतात.

दोऱ्याने समाधान होत नसेल तर गणित करा. बारावीच्या विज्ञानातलं त्रिकोणमितीचं ज्ञान त्याला पुरतं. नागपूरचा अक्षांश २१.०९, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा ४०.६४. नागपूर पूर्व रेखांश ७९.०५ वर, न्यूयॉर्क पश्चिम ७३.७८ वर, दोन्हींच्या मध्ये १५२.८३ अंश. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३५९८ गुणिले ०.६५१३, म्हणजे ०.२३४३. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशाच्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार करा: ०.९३३० गुणिले ०.७५८८ गुणिले वजा ०.८८९७, म्हणजे वजा ०.६२९९. बेरीज येते वजा ०.३९५६. ज्या कोनाचा कोसाइन एवढा, तो कोन ११३.३ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की १२,६०० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे जरा चपटी असल्यामुळे उत्तर दहा-वीस किलोमीटरने इकडेतिकडे होईल, तेवढंच.

हेच गणित इतर जोड्यांना लावलं की विदर्भातल्या माणसाच्या कामाची गोष्ट हाती लागते. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. नागपूर मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ ६८० किलोमीटर, तरी न्यूयॉर्कपासून मुंबईपेक्षा ते फक्त साठ-सत्तर किलोमीटरच जास्त लांब आहे! कारण न्यूयॉर्कची वाट मुळात पश्चिमेला जातच नाही, उत्तरेला जाते, आणि नागपूर मुंबईपेक्षा दोन अंशांनी उत्तरेला आहे. दिल्ली तर जवळपास वाटेवरच येते. आपला दोरा दिल्लीच्या पश्चिमेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरून जातो. नागपूर-दिल्ली ८५५ आणि दिल्ली-न्यूयॉर्क सुमारे ११,७५५, मिळून १२,६१०. थेट वाटेपेक्षा दहा-बारा किलोमीटर जास्त, सावलीपासून मूलही तेवढ्यात येत नाही. मुंबईवरून गेलं तर ६८० आणि १२,५३० मिळून १३,२०० च्या वर, म्हणजे सहाशे किलोमीटरचा फेर. दोह्यावरून, म्हणजे नागपूरहून कतारला सुमारे २,८४० आणि तिथून न्यूयॉर्कला १०,७७०, मिळून १३,६००. हजार किलोमीटरचा फेर. आपल्याकडे परदेश म्हटलं की मुंबई ही सवय जुनी आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापुरती तरी ती सवय अंतराच्या हिशेबात बसत नाही.

नागपूर भारताच्या मध्यावर असल्याचा फायदा अंतराच्या हिशेबात एकदा फार सुंदर वापरला गेला होता. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास या चारही शहरांतून डाक घेऊन विमानं रात्री निघत, मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या सुमाराला आपापल्या शहरी परत पोहोचत. नागपूरपासून मुंबई ६८०, दिल्ली ८५५, चेन्नई सुमारे ९१० आणि कोलकाता ९८५ किलोमीटर. चारही हजाराच्या आत. त्या काळचं डाकोटा विमान ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास जायचं, म्हणजे सर्वांत लांबच्या कोलकात्यालाही साडेतीन तासांच्या आसपास. मद्रासला संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत. चारही बाजूंची अंतरं अशी आटोक्यात असली की वेळापत्रक किती सोपं होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

अंतर झालं, आता वेळ. अंतर भागिले वेग, एवढ्यावर वेळ निघत नाही. नागपूर-मुंबईचंच घ्या. या मार्गावरचं एअरबस ए३२० जातीचं विमान उंचीवर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातं. ६८० भागिले ८३०, म्हणजे पन्नास मिनिटं. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपास लिहिलेलं असतं. बाकीची चाळीस मिनिटं कुठे जातात?

तिकिटावरची निघायची वेळ म्हणजे विमान हवेत झेपावण्याची वेळ नव्हे. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान जागेवरून मागे ढकललं जातं ती वेळ. पोहोचायची वेळ म्हणजे मुंबईत पुन्हा जागेवर उभं राहून ठोकळे लागतात ती. यालाच ब्लॉक टाईम म्हणतात. त्यात नागपूरला धावपट्टीपर्यंत जाणं आलं, रांग असेल तर थांबणं आलं. उड्डाणानंतर पस्तीस हजार फुटांवर चढायला वीसेक मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ वेग कमीच असतो. उतरणंही तसंच. वैमानिकांचा ठोकताळा असा की दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल हाताशी हवेत. पस्तीस हजार फुटांना १०५ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ १९५ किलोमीटर. नागपूरहून मुंबईला जाणारं विमान त्यामुळे शिर्डीच्या आसपासच उतरायला लागतं. विमानाचा आवाज बदलतो, कानांना दडे बसल्यासारखं होतं, तेव्हा खाली अहिल्यानगर जिल्हा असतो. पुढे मुंबईची गर्दी. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत. मग रांगेतल्या विमानांना आकाशात घिरट्या घालायला लावतात. कंपन्या हे सगळं अनुभवाने ओळखून वेळापत्रकात आधीच भर घालून ठेवतात. म्हणूनच अर्धा तास उशिरा निघालेलं विमान कधीकधी वेळेवर पोहोचलेलं दिसतं.

जवळच्या प्रवासात ही चाळीस मिनिटं फार मोठी वाटतात, कारण उडण्याच्या वेळेइतकीच ती असतात. चौदा-पंधरा तासांच्या प्रवासात ती हरवून जातात. तिथे हिशेब ठरवतो तो वारा.

जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, नेमकी जिथे प्रवासी विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. इंग्रजीतलं जेट स्ट्रीम हे नाव आता आपल्याकडेही रुळलं आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून असाच एक प्रवाह जातो आणि त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. वैनगंगेत डोंगा प्रवाहाच्या दिशेने आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवणाऱ्याला जो फरक कळतो, तोच इथे आहे. नावाड्याचा जोर तेवढाच, पण काठ मागे सरकण्याचा वेग वेगळा. विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० ने जात असेल आणि समोरून सरासरी ५० चा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबाने ते ८५० ने जातं. दिल्ली-न्यूयॉर्कचे ११,७५५ किलोमीटर त्या वेगाने काटायला तेरा तास पन्नास मिनिटं लागतात. परतताना तोच वारा पाठीशी असतो, वेग ९५० होतो आणि वेळ येते बारा तास बावीस मिनिटं. जवळजवळ दीड तासाचा फरक, आणि तोही सरासरी फक्त पन्नासच्या वाऱ्याने. त्यात जमिनीवरचा वेळ, चढ-उतार आणि वाटेतली वळणं मिळवली की जाताना पंधरा तास आणि येताना साडेतेरा, असे तिकिटावर दिसणारे आकडे तयार होतात.

पुष्कळांना वाटतं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेला फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली जमीन सरकून समोर येत असेल आणि तिकडे जाणं सोपं होत असेल. तसं होत नाही. विमान ज्या हवेत उडतं ती हवा पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमानही उडण्याआधीपासून त्याच फिरण्यात असतं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो वाऱ्याच्या वाटेने. विषुववृत्ताकडची गरम हवा वर चढून ध्रुवांकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते; तेच हे वारे. म्हणजे परिणाम लोकांना वाटतो त्याच्या उलट. पूर्वेला जाताना वेळ वाचतो, पश्चिमेला जाताना वाढतो.

याचा सर्वांत धाडसी उपयोग आपल्याच देशाच्या विमानाने करून दाखवला. एअर इंडियाची दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा विमान अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून जायचं आणि सुमारे १३,९०० किलोमीटर उडायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान उलट दिशेने, पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं. तरी प्रवास साडेचौदा तासांत झाला, आधीच्यापेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. चौदाशे किलोमीटर जास्त उडून दोन तास वाचले, कारण सगळी वाट वारा पाठीमागून होता. किलोमीटर आणि तास यांचं नातं किती सैल आहे हे एवढ्या एका उदाहरणात दिसतं.

जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरूला आलेलं एअर इंडियाचं पहिलं विमान उत्तर ध्रुवावरून आलं. कॅप्टन झोया अग्रवाल, पापागारी तन्मई, आकांक्षा सोनवरे आणि शिवानी मन्हास अशा चौघी महिला वैमानिकांनी ते आणलं. या दोन शहरांतलं सर्वांत कमी अंतर १३,९९३ किलोमीटर. त्यांना सतरा तासांच्या आसपास लागले. ध्रुवावरून जाण्यात वेगळी काळजी घ्यावी लागते. बाहेरच्या थंडीने इंधन गोठू नये म्हणून त्याच्या तापमानावर लक्ष ठेवायचं, आणि काही बिघडलं तर उतरण्याजोगे विमानतळ वाटेत फार थोडे असतात, ते आधीच हेरून ठेवायचे.

आता आकाशातल्या सीमा. आपला दोरा पाकिस्तानवरून आणि रशियावरून जातो हे वर आलंच. आकाश ज्या त्या देशाच्या मालकीचं असतं, आणि परवानगी नसेल तर वळसा घालावा लागतो. २०१९ मध्ये बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बहुतेक वाटा बंद ठेवल्या होत्या. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा मनाई झाली. त्या बंदीत दिल्लीहून निघालेल्या विमानाला आधी नैऋत्येला गुजरातकडे यावं लागलं, मग अरबी समुद्र आणि आखातावरून वर वळावं लागलं. दिल्लीची सगळी सोय तिथे संपली. दिल्लीला उत्तरेला गेलेला नागपूरचा प्रवासी विमानात बसून परत दक्षिणेकडे आला. अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. दुसऱ्या बाजूने, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यानंतर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं, भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. एकाला पाकिस्तान बंद, दुसऱ्याला रशिया बंद. त्यामुळे एकाच दिवशी दिल्लीहून न्यूयॉर्कला निघालेल्या दोन कंपन्यांच्या विमानांची वाटही वेगळी आणि वेळही वेगळी, असं झालं. तिकीट काढताना म्हणूनच तासांकडे नीट पाहावं, आणि वाटेत कुठे तांत्रिक थांबा आहे का तेही वाचावं. कागदावर तो बारीक अक्षरात असतो.

पाच तासांची वजाबाकी अजून सोडवायची राहिली. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला चार मिनिटं. भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरलेली आहे. सावली ७९ अंश ४७ मिनिटांच्या आसपास, म्हणून सावलीत सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळाच्या हिशेबाने साधारण अकरा मिनिटं उशिरा, वर्षाच्या सरासरीने. न्यूयॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. त्या काळात फरक साडेनऊ तासांचा. आता तिकीट पाहा. दिल्लीहून रात्री अडीच, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात आदल्या दिवशी दुपारचे चार वाजलेले असतात. तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातपर्यंत मोजले की साडेपंधरा तास. हाच खरा प्रवास. नियम एवढाच: दोन्ही वेळा एकाच गावच्या घड्याळात आणायच्या, मगच वजाबाकी करायची. आणि रात्री अडीच म्हणजे आदल्या दिवशी रात्रीच विमानतळावर हजर राहायचं, हे घरातल्या वयस्कर माणसांना बोटाने तारीख दाखवून सांगायला हवं. शनिवारी रात्री अडीच म्हटलं की बहुतेकांच्या मनात शनिवारची रात्र येते. विमान तर शुक्रवारच्या रात्रीच गेलेलं असतं.

आता सावलीच्या दारापासून सगळा हिशेब मांडू. रस्त्याने नागपूरला साडेतीन-चार तास. पावसाळ्यात नाल्याचं पाणी रस्त्यावर आलं किंवा काम चालू असलं तर तासभर जास्तच. देशांतर्गत विमानाआधी दोन तास. नागपूर-दिल्ली पावणेदोन तास. दिल्लीत आंतरराष्ट्रीय विमानापर्यंत चार-पाच तास तरी हवेत, कारण विमान टर्मिनल एकवर उतरलं आणि पुढचं तीनवरून असलं तर बाहेर येऊन बसने जावं लागतं, मग सामान, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी. पुढे साडेपंधरा तास. उतरल्यावर पासपोर्ट तपासणीची रांग आणि सामान मिळून दीड-दोन तास, घरी पोहोचायला आणखी एक. बेरीज तीसच्या आसपास जाते. त्यात प्रत्यक्ष हवेतला वेळ सोळा तासांच्या आसपास, म्हणजे निम्माच.

माझं मत इथे अगदी ठाम आहे. आपल्यासारख्या लांबच्या तालुक्यातून निघणाऱ्याने किलोमीटरांमागे लागू नये, मधल्या थांब्यांकडे पाहावं. दोह्यावरून हजार किलोमीटर जास्त पडतात, म्हणजे उडण्याचा सव्वा तास. पण नागपूरहून कतार एअरवेजचं दोह्याचं विमान थेट जातं, इमिग्रेशन नागपुरातच आपल्या माणसांत आटोपतं, सामान थेट न्यूयॉर्कपर्यंत जातं आणि दोह्यात त्याच इमारतीत विमान बदलता येतं. तिथला थांबा दोन-तीन तासांचा असेल, तर दिल्लीत आठ तास बसण्यापेक्षा तो केव्हाही बरा. दोह्याचा थांबा दहा तासांचा असेल तर हिशेब लगेच फिरतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याचाही विचार करावा लागतो. सकाळची विमानं तासन्‌तास अडकतात आणि पुढचं विमान निघून जातं.

दुसरी गोष्ट, सगळा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्यावा. नागपूर-दिल्ली वेगळं स्वस्तात काढलं आणि पुढचं वेगळं काढलं, तर पहिलं विमान उशिरा झाल्याची जबाबदारी दुसऱ्या कंपनीवर राहत नाही. नवं तिकीट आपल्या खिशातून. एकच तिकीट असलं तर पुढच्या विमानात बसवून देणं त्यांचं काम. चार-पाच हजार वाचवण्यासाठी आई-वडिलांना या फेऱ्यात टाकू नये. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवून ठेवावी. ती घेण्यात कमीपणा काही नाही, आणि इंग्रजी न येणाऱ्या माणसाला रांगांमधून नेणारं एक माणूसही तिच्याबरोबर मिळतं.

परतीचा हिशेब वेगळा लागतो आणि तो निघण्यापूर्वीच करून ठेवावा. न्यूयॉर्कहून हिवाळ्यात दुपारी बाराला निघालेल्या विमानात आपलं घड्याळ रात्री साडेदहा दाखवत असतं. पाठीशी वारा, साडेतेरा तास, दिल्लीला दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. इमिग्रेशन, सामान, कस्टम उरकून संध्याकाळी सहाचं नागपूरचं विमान धरलं तर पावणेआठला सोनेगाव. तिथून लगेच गाडी काढली तर नागभीड-सिंदेवाहीच्या जंगलातून जायची वेळ दहा-साडेदहाची येते. हा ब्रह्मपुरी वनविभागाचा पट्टा आहे. रात्री वाघ, रानडुकरं, चितळ रस्त्यावर येतात, आणि दिवसभर नागपुरात वाट पाहून थकलेला ड्रायव्हर आणि तीस तासांची झोप राहिलेले प्रवासी अशी ती गाडी असते. त्या रात्री नागपुरातच कुणाकडे तरी मुक्काम करून सकाळी निघावं, किंवा दिल्लीहून दुपारचं विमान मिळेल असं तिकीट सुरुवातीलाच पाहावं. दुपारी तीनच्या विमानाने पावणेपाचला नागपूर गाठलं आणि लगेच निघालं, तर हिवाळ्यात उमरेडच्या आसपासच अंधारतं आणि पुढचं जंगल अंधारातच लागतं. त्यामुळे हिवाळ्यात मुक्कामाचाच बेत ठेवावा. मे-जूनमध्ये सूर्य सात वाजेस्तोवर असतो, तेव्हा हेच विमान घेतलं तरी निदान भिवापूरपर्यंतचा रस्ता उजेडात होतो.